गांगुर्ड्यांच्या बोटीला नवा पंप

जयराम गांगुर्ड्यांनी शर्यतीची बोट विकत घेतली ती स्कूटर मिळेना म्हणून. हे ऐकून लोक हसतात आणि गांगुर्ड्यांना त्या हसण्याचाच राग येतो. त्यांचं म्हणणं, यात हसण्यासारखं काय आहे? स्कूटरसाठी नंबर लावून सात वर्षं झाली होती आणि अजून साडेचार हजार माणसं त्यांच्या पुढे उभी होती. बोटीसाठी अख्ख्या नाशकात एकही माणूस रांगेत नव्हता. अशा वेळी विचारी माणसाने काय करायचं असतं?

आणि गांगुर्डे विचारी होते. एका सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं क्लार्की केलेला माणूस विचारी नसेल तर कोण असेल? त्या कचेरीचं नाव मी घेत नाही, कारण त्यांची पेन्शन अजून तिथूनच येते.

स्कूटर काय किंवा बोट काय, हवी होती ती त्यांच्या पत्नीसाठी. सुलाबाई शिक्षिका होत्या. त्यांची शाळा धरणाच्या पलीकडच्या काठावर, करंजवाडीला. एकशिक्षकी शाळा, मुलं सत्तावीस. तिथे पोहोचायचं म्हणजे पहाटे उठून डबा करायचा, सकाळची गाडी पकडायची, धरणाला अख्खा वळसा घालून फाट्यावर उतरायचं आणि तिथून चार किलोमीटर चालायचं. गाडी वेळेवर असली तर अडीच तास. गाडी वेळेवर असण्याचा प्रसंग मात्र सणासारखा, वर्षातून मोजका यायचा.

अकरा वर्षांत सुलाबाईंनी शहरात बदली मिळावी म्हणून अकरा अर्ज केले होते. पहिल्या अर्जाला त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांचा दाखला जोडला होता, चौथ्याला सासूबाईंच्या आजारपणाचा आणि सातव्याला सासूबाईंच्या मृत्यूचा. कशाचाही उपयोग झाला नव्हता. त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, खैरनार नावाचे नवे विस्तार अधिकारी आले आणि त्यांनी सांगितलं की वर्षभरात तीन लेट मार्क पडलेल्या शिक्षकाचा अर्ज आपण उघडूनसुद्धा पाहणार नाही. दिवाळीपर्यंत सुलाबाईंचे दोन झाले होते. दोन्ही वेळा गाडीचं चाक पंक्चर. आता मार्चमधल्या तपासणीपर्यंत तिसरा पडू द्यायचा नाही, एवढंच त्या माउलीचं म्हणणं होतं.

दिवाळीच्या सुटीत दोघं धरणावर फिरायला गेली होती. समोर पाण्यापलीकडे काहीतरी चमकलं. सुलाबाई म्हणाल्या, ते माझ्या शाळेचे पत्रे. गांगुर्डे बघतच राहिले. ज्या शाळेत जायला बायकोला अडीच तास लागतात ती शाळा समोर, तीन किलोमीटर पाण्यापलीकडे. परत येताना बसमध्ये त्यांनी तिकिटाच्या मागे मिनिटांचा हिशेब मांडला.

पुढच्या रविवारी ते दिंडोरीला रावजी वडज्यांच्या मळ्यावर पोहोचले. रावजी द्राक्षबागाईतदार. मुंबईच्या एका शौकीन शेठला जुनी जीप देऊन त्यांनी बदल्यात ही बोट आणली होती. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. लाल रंग, बाजूला पिवळी वीज रंगवलेली, मागे सहा सिलिंडरचं विलायती इंजिन. रावजी गेली चार वर्षं बेदाणा करताना द्राक्षं बुडवायला ती वापरत होते. ती पाण्यात तरंगते की नाही हे दिंडोरीत कुणी पाहिलं नव्हतं, पण आत ओतलेलं पाणी थेंबभरही बाहेर जात नाही, म्हणजे बाहेरचंही आत येणार नाही, असं रावजींनी सांगितलं. गांगुर्ड्यांना हे बोलणं बिनतोड वाटलं.

ट्रॅक्टरच्या मागे बोट कॉलनीत शिरली तेव्हा शंभरेक माणसं गोळा झाली. शेजारचे सावळीराम पगारे एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी बोटीला तीन प्रदक्षिणा घातल्या, ब्रेक कुठे आहे विचारलं आणि ब्रेक नाही म्हटल्यावर पुढचं काहीच ऐकून घेतलं नाही. त्यांच्या मते ज्याला ब्रेक नाही ते वाहन नव्हे, तो अपघात. समोरच्या नवसाबाईंनी मात्र बोटीचं मनापासून स्वागत केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यात गोधड्या वाळत घातल्या. त्या दोन महिने तिथेच वाळत होत्या, कारण बोटीला परवानगी मिळत नव्हती.

परवानगीचं प्रकरण गांगुर्ड्यांच्या फार जिव्हारी लागलं. धरणाच्या कचेरीत बसलेला क्लार्क त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण कलेत पुढे गेलेला. तो कागदाकडे न बघता "उद्या या" म्हणायचा. गांगुर्डे स्वतः एकोणीस वर्षं लोकांना हेच सांगत आले होते, पण सांगताना निदान चष्मा तरी काढायचे. सहा वेळा उद्या आल्यावर त्या क्लार्कने अडचण सांगितली. त्याच्याकडे दोनच छापील नमुने होते, एक गुरं पाण्यावर नेण्याचा आणि दुसरा मासेमारीचा. बायकोला शाळेत पोहोचवण्याचा नमुना छापून आलेला नव्हता. गांगुर्ड्यांनी रात्रभर विचार करून मासेमारी पत्करली. त्यामुळे नियमाप्रमाणे बोटीत कायम एक जाळं ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक झालं, आणि धरणावरचे कोळी त्यांच्याकडे संशयाने बघायला लागले.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी नारळ फोडायचा की नाही यावर कॉलनीत दोन तट पडले. गांगुर्ड्यांनी घरच्या रीतीप्रमाणे त्रिसरण-पंचशील म्हटलं, खीर वाटली, आणि इंजिन नारळाने नव्हे, स्पार्क प्लगने सुरू होतं असं एक लहानसं भाषणही केलं. सावळीरामांनी खीर दोनदा घेतली आणि इंजिन बंद कशाने पडतं तेही एकदा बघू, एवढंच म्हणाले.

ते पुढच्याच सोमवारी बघायला मिळालं. पाठीमागच्या बाकावर सुलाबाई पर्स, डबा आणि वह्यांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. गांगुर्ड्यांनी रेस दिली. बोटीने नाक वर काढलं, पाणी दोन्ही बाजूंना फाकलं, सुलाबाईंचा पदर मागे झेंड्यासारखा उडाला आणि गांगुर्ड्यांना आयुष्यात प्रथमच आपण क्लार्क नाही असं वाटलं. हे दोन मिनिटं टिकलं. मग इंजिनाने एक आचका दिला, दुसरा दिला आणि भर पाण्यात ते गप्प झालं. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झालं, दोन मिनिटं पळालं आणि पुन्हा गप्प. हळू चालवली तर बंद पडत नव्हती, पण शर्यतीची बोट हळू चालवणं म्हणजे म्हैस दोरीने ओढणं. तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच. सुलाबाईंनी पिशवीतून वह्या काढल्या आणि तपासायला घेतल्या.

सोडवायला आला तो पुंजा. पुंजा सुरगाण्याकडचा, काठावर झोपडी करून मासे धरायचा आणि लाकडी होडीतून माणसं पार करायचा. त्याने विडी कानावर ठेवली, लाल बोटीला दोर बांधला आणि एकट्याने वल्हवत ती करंजवाडीला नेऊन लावली. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला, की साहेब, ही एवढी मोठी हाय तर हिला माझ्या होडीनं का वढावी लागते. गांगुर्डे दोराची गाठ पक्की आहे का ते बघायला लागले. त्या दिवशी शाळेत हुतात्म्यांच्या पुण्यतिथीची प्रभातफेरी होती म्हणून घंटा उशिरा झाली आणि लेट मार्क वाचला. पण सुलाबाईंनी घरी येऊन सांगितलं की हे इंजिन नीट होईपर्यंत त्या बोटीत पाय ठेवणार नाहीत. त्या चिडल्या असत्या तर गांगुर्ड्यांना बरं वाटलं असतं. त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या आणि पहाटेचा गजर लावायला उठल्या.

मग इंजिनाचं निदान सुरू झालं. कॉलनीतल्या प्रत्येक माणसाने बोट तपासली. कुणी प्लग म्हणालं, कुणी कॉइल, एकाने धरणाच्या पाण्याला दोष दिला. खरं कारण सावळीरामांनी शोधून काढलं आणि त्याबद्दल त्यांना पुढे दोन महिने चहा पाजावा लागला. इंजिनाचा मूळचा पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, ज्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात, तो कधीतरी खराब झाला होता आणि कुणीतरी त्या जागी टॅक्सीचा पंप बसवला होता. टॅक्सीला पुरेल एवढंच पेट्रोल तो देणार. इथे सहा सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर आ वासून बसलेले. सावळीरामांनी सांगितलं की एका म्हातारीला बारा जणांच्या पंगतीत वाढायला लावलं तर अर्धी पंगत उपाशीच उठणार. म्हणजे मोठा पंप हवा.

मोठा पंप मुंबईत मिळेना. परदेशातून मागवायचा तर आयातीचा परवाना हवा, आणि परवान्याच्या नुसत्या उल्लेखाने गांगुर्ड्यांना "उद्या या" ऐकू यायला लागायचं. शेवटी रावजी वडज्यांनीच निरोप पाठवला की दिंडोरीत भिका मिस्त्री असताना तुम्ही मुंबईला कशाला जाता.

भिका मिस्त्री द्राक्षबागांचे फवारणी पंप दुरुस्त करायचा. आसपासच्या वीस गावांत एकाही वेलीवर त्याच्या हाताखालून न गेलेल्या पंपाचा फवारा पडत नव्हता. त्याने इंजिन पाहिलं, टॅक्सीचा पंप दोन बोटांत धरून बाजूला ठेवला आणि सांगितलं, "भाऊसाहेब, पंप म्हंजे पंप. औषध काय नि पेट्रोल काय, पानाच्या खालच्या अंगाला पोचलं पायजे." कार्बोरेटरला पान नसतं हे गांगुर्ड्यांच्या मनात आलं होतं, पण भिकाच्या आवाजात असा काही आत्मविश्वास होता की त्यांनी ते मनातच ठेवलं. ही चूक द्राक्षाच्या मुलखातच होऊ शकते. दुसऱ्या गावात एखाद्याने ट्रकचा पंप लावला असता, इथे फवारणीचा लागला. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा घेऊन भिकाने तो फिरता केला. आत मोरचुदाची निळी पुटं होती, ती त्याने घासून काढली आणि थोडी राहिली तर कीड लागणार नाही असा दिलासा दिला.

पहिली चाचणी कॉलनीतच घेतली, बोट पाण्याच्या टाकीजवळ उभी करून. इंजिन सुरू होताच फवारणी पंपाने आपल्या सवयीप्रमाणे जोर लावला. कार्बोरेटरला सोसेना. दोन्हींच्या तोंडातून पेट्रोल उसळून बाहेर यायला लागलं, काळ्या धुराचा लोट उठला, आणि नवसाबाईंनी पुन्हा वाळत घातलेल्या गोधड्या पहिल्यांदाच आपणहून बोटीतून काढल्या. सावळीरामांनी वाळूची बादली आणून ठेवली होती. ती वापरावी लागली नाही म्हणून त्यांनी थोडी खंत व्यक्त केली.

भिका मात्र डगमगला नाही. त्याने जास्तीचा जोर परत पाठवायची एक नळी काढली, फवारणी पंपाला असते तशीच, आणि ती टाकीत सोडली. हवं तेवढं पेट्रोल कार्बोरेटरला, उरलेलं पुन्हा टाकीत. आणि खरं सांगायचं तर हे काम फार सुंदर झालं. फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी गांगुर्डे, भिका आणि जीव मुठीत धरलेले सावळीराम बोटीतून निघाले आणि नऊ मिनिटांत करंजवाडीच्या काठाला लागले. परत येतानाही नऊ. सावळीरामांनी उतरल्यावर ब्रेकबद्दलचं मत मागे घेतलं नाही, पण चहाला मात्र ते स्वतःहून बोलावून घेऊन गेले. गांगुर्ड्यांनी ती संध्याकाळ अंगणात खुर्ची टाकून बोटीकडे बघत काढली. एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती आणि भिकालाही नव्हती. फवारणी पंपातला रबराचा पडदा औषधासाठी केलेला असतो. पेट्रोलमध्ये बसला की तो हळूहळू फुगतो.

तपासणी गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी कळलं की दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी कसल्याशा मेळाव्यासाठी वळवली आहे. सुलाबाईंनी खिडकीतून बोटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि किती मिनिटं लागतात ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. गांगुर्डे नऊ म्हणाले. बायकोने त्यांच्यावर टाकलेला एवढा मोठा विश्वास त्यांना लग्नानंतर आठवत नव्हता.

सकाळी पावणेदहाला दोघं ट्रॅक्टरमागे बोट बांधून धरणावर पोहोचली तर काठावर बॅग घेऊन खुद्द विस्तार अधिकारी खैरनार साहेब उभे. त्यांची जीप कुणा मोठ्या माणसाच्या दौऱ्यात गेली होती आणि पुंजाच्या होडीने जावं म्हणून ते आले होते. पुंजा मात्र बाजाराला गेलेला. सुलाबाई डोळ्यांनी नवऱ्याला नको नको सांगत होत्या. पण गांगुर्ड्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाला आपल्याकडच्या वाहनात बसा म्हणण्याची संधी साधली होती, आणि तिथे डोळ्यांच्या खुणा कुणाला दिसतात?

खैरनार साहेब बागलाणचे. तिकडे नदी असते, पाणी नेहमी असतंच असं नाही. बोटीत बसताना त्यांनी काठाला शेवटचा हात लावला. गांगुर्ड्यांनी रेस दिली आणि बोट सुटली. पहिली सहा मिनिटं सगळं इतकं छान झालं की साहेबांची टोपी आणि तपासणीचे तीन कोरे नमुने पाण्यात गेल्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. साहेबांनी तर धीर येऊन एक सिगारेटही शिलगावली. समोर करंजवाडीचे पत्रे मोठे मोठे होत होते. वर्गापुढे रांगेत उभी राहिलेली मुलंसुद्धा दिसायला लागली.

तेव्हा रबराच्या पडद्याने आपलं काम थांबवलं. तो फुगून आडवा बसला, परतीची नळी बंद झाली आणि पंपाचा सगळा जोर कार्बोरेटरवर आला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. सगळीकडे शांतता झाली आणि पेट्रोलचा वास आला. पायाखाली जाळं होतं आणि जाळ्याखाली पेट्रोल साचत होतं. गांगुर्डे वळले. त्यांनी साहेबांच्या तोंडातली पेटती सिगारेट काढली आणि लांब पाण्यात फेकून दिली.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबाच्या टेबलावरचा कागदही न विचारता उचलला नव्हता. साहेब थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. मग खाली पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. इतकी वर्षं तालुक्याच्या ठिकाणी राहून कमावलेली शुद्ध मराठी त्यांना त्या क्षणी सोडून गेली. "हाई काय शे हो गांगुर्डे," ते अगदी हळू म्हणाले, "माले पव्हता येस नई."

सुलाबाईंनी त्यांना बाकाच्या मधोमध बसवलं आणि नवऱ्याला डब्याचं झाकण देऊन पेट्रोल उपसायला लावलं. वाऱ्याने बोट काठाकडे सरकत होती. तेवढ्यात हलवाहलवीत जाळं पाण्यात घसरलं आणि बुडालेल्या कुठल्यातरी झाडाच्या बुंध्याला अडकलं. काठापासून हाकेच्या अंतरावर बोट जागच्या जागी खिळली. सव्वादहा झाले होते. गांगुर्ड्यांना पोहता येत होतं, पण साहेबांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ते सोडायला तयार नव्हते.

सुलाबाई मात्र घड्याळाकडे बघत होत्या. अकरा वर्षं. अकरा अर्ज. काठावरची सत्तावीस मुलं पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती आणि आपल्या बाईंकडे बघत होती. साडेदहाला कुणीतरी नेहमीप्रमाणे रुळाच्या तुकड्यावर घंटा दिली. गांगुर्ड्यांनी मान खाली घातली. तिसरा लेट मार्क. तो त्यांच्या हातून पडला होता, गाडीच्या चाकाने नव्हे. बायकोची आणखी कितीतरी वर्षं त्यांनी एका लाल बोटीपायी पाण्यात घातली होती, आणि तिला तसं सांगायचं धाडसही त्यांच्यात उरलं नव्हतं.

तेव्हा सुलाबाई बोटीत उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि मोठ्या आवाजात मुलांना रांगा करायला सांगितल्या. काठावर रांगा झाल्या. प्रार्थना झाली. मग त्यांनी हजेरी घेतली, रजिस्टर न उघडता, पहिलीपासून चौथीपर्यंत सत्तावीस नावं तोंडपाठ. एकेक नाव पाण्यावरून जायचं आणि पलीकडून एकेक "हजर" यायचं. कुणाचा ताप उतरला का, कुणाची आई परत आली का, तेही त्यांनी त्याच दमात विचारून घेतलं. मग सतराचा पाढा. सत्तावीस गळ्यांतून तो आला तो कुठे न अडखळता शेवटपर्यंत. खैरनार साहेबांनी गांगुर्ड्यांचा सदरा कधी सोडला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. भूगोलाला तर त्यांनी स्वतःच काठावरच्या मुलांना दोन प्रश्न विचारले. धरण म्हणजे काय, या प्रश्नावर एका मुलीने साहेब ज्यात अडकले होते त्या पाण्याकडेच बोट दाखवलं.

बाराच्या सुमाराला सुलाबाईंनी डबा उघडला. तिघांनी भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. साहेबांनी दोन घास जास्त खाल्ले. साडेबाराला पुंजा बाजारातून आला, त्याने जाळं सोडवलं आणि दोर बांधला. "आज लय पळाली म्हणं," एवढंच तो गांगुर्ड्यांना म्हणाला, आणि तेही आदराने.

शाळेत पोहोचल्यावर खैरनार साहेबांनी शेरेबुक मागवलं. त्यात त्यांनी लिहिलं की सदर शिक्षिका साडेदहा वाजता हजेरी घेताना आपण स्वतः समक्ष पाहिल्या. त्या कुठे उभ्या राहून घेत होत्या ते त्यांनी लिहिलं नाही. संध्याकाळी ते चार किलोमीटर चालत फाट्यावर गेले. बोटीने सोडतो म्हटल्यावर त्यांनी हात जोडले होते.

मे महिन्यात लखोटा आला. गांगुर्डे अंगणात बोटीवर ताडपत्री टाकत होते. सुलाबाईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं, कारण बदलीचं पत्र उघडायची त्यांना अकरा वर्षांत सवयच राहिली नव्हती. गांगुर्डे मोठ्याने वाचायला लागले. बदली झाली होती. शहरात, घरापासून सात मिनिटांच्या वाटेवर. त्यांचा आवाज चढला. मग ते कारणापर्यंत आले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. लिहिलं होतं: सदर शिक्षिकेस शाळेत पोहोचविण्यासाठी त्यांचे पती जे वाहन वापरतात, त्यापासून सदर शिक्षिकेच्या तसेच तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जीवितास गंभीर धोका संभवतो, सबब विनाविलंब बदली करण्यात येत आहे.

गांगुर्डे बोटीच्या कडेवर बसले. हा कागद आता सरकारी दप्तरात जाणार, तिथे तीस वर्षं राहणार आणि कुणीतरी क्लार्क तो वाचणार, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी विचारलं, म्हणजे मी गुडघ्यांच्या दुखण्याहूनही वाईट आहे का? आईच्या मृत्यूने जे झालं नाही ते माझ्यामुळे झालं, म्हणजे मी नेमका कोण?

सुलाबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. करंजवाडीची सत्तावीस मुलं त्यांना त्याच क्षणी आठवली होती आणि ती आठवण सुखाची नव्हती. त्या नवऱ्याशेजारी बोटीच्या कडेवर बसल्या. कॉलनीतल्या खिडक्या उघड्या असताना असं शेजारी बसायची त्यांची रीत नव्हती.

"अकरा वर्षं मी त्या वाटेने गेले," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणायचे, होईल बदली, होईल. माझ्यासाठी पाण्यात उतरलेले तुम्ही एकटेच."

गांगुर्ड्यांनी ताडपत्रीची गाठ उगाचच पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. मग ते म्हणाले की आता बोटीचं काही काम नाही, रावजींना परत देऊन टाकू, त्यांचे बेदाणे तरी होतील.

"कशाला?" सुलाबाई म्हणाल्या. "राहू द्या. पुन्हा कुठं लांब टाकलं, तर अर्जाला जोडता येईल."